थरथरता हात, औषधाची चिठ्ठी आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या पणदरे येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वार्षिक मेळाव्यात आजवर शिक्षणनिधी, वसतिगृह, लग्नातील अनाठायी खर्च, शेतीतील सुधारणा अशा विषयांवर व्याख्याने झाली. या वर्षी कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही सुचविलेला विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले. हात, पाय, मान किंवा तोंड यांची मनाविरुद्ध होणारी हालचाल, तिच्यावर डॉक्टर लिहून देतात ती औषधे, आणि त्या औषधांचा खर्च सामान्य कुटुंबाने कसा पेलावा, हा तो विषय होय. अशा विषयावर डॉक्टरांनी बोलावे, ज्ञातिसंस्थेचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही. आम्ही डॉक्टर नाही. औषध कोणते आणि किती, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. या भाषणातील एखाद्या वाक्याच्या आधारे कोणी आपण होऊन औषध सुरू करू नये अथवा बंद करू नये, हे प्रारंभीच सांगून ठेवतो. परंतु चिठ्ठी हातात पडल्यानंतर पुढे जे काही घडते ते घरात आणि भाऊबंदांत घडते. तेथे आपला संबंध निश्चित येतो.

हा विषय आमच्या मनात कसा आला तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात आम्ही पंगतीस बसलो होतो. आमच्यासमोर एक वडीलधारे गृहस्थ होते. आमटीची वाटी उचलताना त्यांचा हात लटलट कापू लागला आणि वाटी पानात कलंडली. पलीकडून कोणीतरी हळूच म्हणाले, "सकाळपासूनच घेतलेली दिसते." त्या गृहस्थांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नव्हता, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. तरीही आम्ही गप्प बसलो. त्यांनी ते बोल ऐकले, पान तसेच सोडले आणि ते उठले. त्यानंतर ते एकाही मेळाव्यास आले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. आज एवढेच म्हणतो की, त्या दिवशीच्या आमच्या मौनाचे थोडेसे परिमार्जन व्हावे, हाही या भाषणाचा एक हेतू आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. मनाविरुद्ध होणारी हालचाल हा एकच रोग नव्हे. ती अनेक रोगांची खूण आहे. कोणती हालचाल, ती कशामुळे, आणि तिच्यावर कोणते औषध, हे प्रश्न याच क्रमाने सुटले तर पुष्कळदा औषध आपल्या आवाक्यातले निघते. क्रम चुकला तर स्वस्त गोळीही महाग पडते. आणि पैशाअभावी मध्येच बंद पडलेले औषध सर्वांत महाग पडते.

प्रथम हालचालींचे प्रकार पाहू. काहींचा हात स्वस्थ मांडीवर असता कापतो आणि काम करू लागले की कंप कमी होतो. त्याबरोबर अंग आखडते, चाल मंदावते, अक्षर बारीक होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हा बहुधा कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार असतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून ते नाव. उलट काहींचा हात स्वस्थ असता स्थिर असतो, पण कपबशी धरताना, सही करताना, पाणी ओतताना कापतो. हा निराळा कंप होय. तो पुष्कळ घरांत वडिलांकडून मुलाकडे येतो. त्याने चालणे आखडत नाही आणि त्याला कंपवाताचे औषध लागू पडत नाही. त्याच्यावर प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन ही जुनी औषधे देतात. मात्र प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यास घातक ठरू शकते, म्हणून दमा असल्यास तो डॉक्टरांना न विसरता सांगावा. थायरॉईड ग्रंथी अधिक काम करू लागली तरी हात कापतो, आणि दम्यावरील काही औषधांनीही कापतो. तिसरा प्रकार कोरियाचा. या ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य असा आहे. यात हातपाय, खांदे, चेहरा यांना नाचल्यासारखे अनियमित हिसके बसतात. मानसिक आजारांवरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यावर जीभ आणि ओठ यांची चघळल्यासारखी हालचाल सुरू होते, ती चौथी. तिला टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात. मान किंवा हात एका बाजूस पिळवटून राहणे, म्हणजे डिस्टोनिया, हा पाचवा प्रकार. यांपैकी प्रत्येकाला आपल्याकडे 'वात', 'लकवा', 'अंगात येणे' किंवा 'करणी' यांपैकी एखादे नाव मिळते, आणि नाव चुकले की उपायही चुकतो.

या औषधांचे कार्य समजण्यास आपल्या भागातीलच एक दाखला उपयोगी पडेल. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपण ऊस घेतो. आवर्तन चुकले तर ऊस वाळतो; पाटाचे दार बंद झाले नाही तर रान चिबडते. पिकाला हवा असतो तो वाफसा. मेंदूच्या अंतर्भागात हालचालींचे नियमन करणारी जी केंद्रे आहेत, त्यांना डोपामीन नावाच्या द्रव्याचे असेच आवर्तन लागते. कंपवातात डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. पाणी कमी पडते आणि शरीर आखडते. कोरियासारख्या हालचालींत त्या केंद्रांवर डोपामीनचा प्रभाव प्रमाणाबाहेर होतो. जणू दार उघडेच राहते आणि अंग आवरत नाही. सर्वच प्रकारांना हा दाखला लागू पडत नाही. पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कंपवाताचे औषध डोपामीन वाढविते, कोरियाचे औषध ते कमी करते. म्हणजे ही दोन्ही औषधे परस्परांच्या उलट आहेत. असे असता "आमच्या मामांना या गोळीने गुण आला, तुम्हीही घेऊन पाहा" असा सल्ला देणे म्हणजे चिबडलेल्या रानात आणखी पाणी सोडण्यासारखे आहे.

या दोन्ही औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यकात फार जुनी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिचा रक्तदाबावर आणि वेडावर होणारा परिणाम नोंदविला. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली इंग्लंडमधील हृदयविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. रेसर्पीनने मन आणि अंग शांत होई. पण काही रुग्ण खिन्न होत, आणि काहींना कंपवातासारखा आखडलेपणा येई. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना डोपामीनचे पूर्वद्रव्य दिले, तेव्हा ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामीन कमी झाल्याने शरीर आखडते, या ज्ञानाचा पाया असा घातला गेला. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. रेसर्पीनच्याच धर्तीवर, परंतु ज्याचा परिणाम लवकर ओसरतो असे टेट्राबेनाझीन हे औषध त्याच दशकात प्रयोगशाळेत तयार झाले. कोरियावर आजही ते देतात.

ज्या पूर्वद्रव्याने ससे हालू लागले त्याला लेव्होडोपा म्हणतात. आपल्या बांधावर वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत ते असते, हे भारतातील संशोधकांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते मोठ्या मात्रेने तोंडावाटे देऊन कंपवाताच्या रुग्णांना चालते केले. पुढे त्यात कार्बिडोपा मिसळण्यात येऊ लागला. लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्यापूर्वीच वाया जाऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, हे कार्बिडोपाचे काम. आता कोणी म्हणेल, मग खाजकुयलीचे चूर्णच का घेऊ नये? याचे उत्तर असे की, प्रत्येक बीत लेव्होडोपा सारखा नसतो. चिठ्ठीतील गोळीबरोबर कोणी गुपचूप चूर्णही घेऊ लागला, तर मात्रा किती झाली हे डॉक्टरांना कळण्याचा मार्ग उरत नाही. घ्यावयाचेच असेल तर निदान त्यांना सांगून घ्यावे.

आता त्या पंगतीतून उठून गेलेल्या गृहस्थांकडे वळतो. घरच्यांनी दोन वर्षे म्हातारपण म्हणून सोडून दिले. पुढे मुलाने त्यांना पुण्यास नेले. तेथील डॉक्टरांनी सर्वप्रथम घरातील सर्व औषधांची पिशवी आणावयास सांगितली. त्या पिशवीत पित्तावरची एक कॅप्सूल निघाली. कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ती कॅप्सूल हे गृहस्थ दुकानातून आणून दोन वर्षे रोज घेत होते. तिच्यात पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराईड हे द्रव्य होते. लेव्होसल्पिराईड, उलटीवरील मेटोक्लोप्रामाईड, चक्कर आणि अर्धशिशी यांवरील सिनारिझीन व फ्लुनारिझीन, तसेच मानसिक आजारांवरील अनेक औषधे डोपामीनचे कार्य अडवितात, आणि काहींना, विशेषतः वृद्धांना, त्यामुळे कंप, आखडलेपणा किंवा तोंडाची हालचाल सुरू होते. मेटोक्लोप्रामाईड बारा आठवड्यांहून अधिक काळ देण्याचे टाळावे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००९ सालीच दिला आहे. डॉक्टरांनी ती कॅप्सूल बंद केली आणि काही महिन्यांत त्या गृहस्थांचा हात बराचसा स्थिर झाला. त्यांच्या आजाराला नव्या औषधाचा एक रुपयाही लागला नाही. ज्याला त्याला असाच गुण येईल असे मात्र नाही. काहींचा कंप औषध थांबविल्यावरही राहतो. आणि मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करणे तर अत्यंत धोक्याचे आहे. परंतु औषधांची पिशवी बरोबर नेणे आणि दुकानातून परस्पर आणलेली गोळीही न लपविणे, ही खर्च वाचविण्याची पहिली पायरी आहे.

यानंतर मुलांबाळांविषयी आणि सोयरिकीविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे भाग आहे. शाळेतील मुलाच्या हातातून पाटी-पुस्तक पडू लागते, अक्षर बिघडते, तोंड वेडेवाकडे होते. गुरुजी त्याला चाळे समजून शिक्षा करतात. घसा दुखून गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संधिज्वराचा एक भाग म्हणून मुलांना असा कोरिया होतो. तो बहुधा ओसरतो. पण त्याच विकाराने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तो पुन्हा होऊ नये म्हणून पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे द्यावे लागते. हे औषध जुने आणि अल्प किमतीचे आहे. मुलाला बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडणे ही मोठी चूक होय.

दुसरा आजार विल्सनचा. डॉ. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. यात शरीरातील तांबे बाहेर टाकले जात नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठते. मुलगा किंवा तरुण माणूस कापू लागतो, बोबडे बोलू लागतो, त्याचा स्वभाव बदलतो. हा आजार वेळीच ओळखला तर पेनिसिलामीन, जस्ताचे क्षार इत्यादी औषधांनी आटोक्यात राहतो. न ओळखला तर प्राणघातक ठरतो. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष गुणसूत्रांश आला तरच तो होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून घरात एकाला आढळल्यास त्याच्या सर्व भावंडांची तपासणी झालीच पाहिजे. रक्ताच्या नात्यात विवाह झाले तर असे आजार उद्भवण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क सांगणाऱ्या आपल्या समाजाने याचा विचार करावा. आम्ही कोणाच्या घरच्या रीतीला नावे ठेवीत नाही. विचार करा एवढेच म्हणतो.

तिसरा आजार हंटिंग्टनचा. १८७२ साली अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरने त्याचे वर्णन केले, आणि त्याचा गुणसूत्रांश १९९३ साली सापडला. आईवडिलांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो, आणि बहुधा तो तिशी-चाळिशीत, म्हणजे लग्न होऊन मुले झाल्यावर प्रकट होतो. त्याला समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. टेट्राबेनाझीनसारखी औषधे हालचाल कमी करतात, पण त्यांनी मन खिन्न होऊ शकते, म्हणून घरच्यांनी रुग्णाच्या मनःस्थितीकडे लक्ष ठेवावे लागते. सोयरीक जुळविताना असा आजार लपविला जातो. लपविणाऱ्याचा दोष आहेच. पण आजार कळताच त्या घरातील सर्व मुलींना नाकारणारा समाजच त्याला लपविण्यास शिकवितो, हेही तितकेच खरे आहे. चाचणी करून घ्यावी की नाही, हे ज्याचे त्याने सल्ला घेऊन ठरवावे. त्याबद्दल कुजबुज न करणे, एवढे आपल्या हाती आहे.

आता खर्चाकडे येतो. काही औषधे खरोखरच महाग आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. टेट्राबेनाझीनच्या रेणूतील काही हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजन घालून ड्यूटेट्राबेनाझीन तयार केले गेले. त्याने औषध शरीरात अधिक काळ टिकते. अमेरिकेत त्याला एप्रिल २०१७ मध्ये मान्यता मिळाली. टार्डिव्ह डिस्किनेशियावरील व्हॅल्बेनाझीनलाही त्याच महिन्यात मिळाली. तेथे या औषधांची छापील किंमत वर्षाला हजारो डॉलर्स पडते. वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी किंमत ठरविण्याच्या वाटाघाटींत जी औषधे जानेवारी २०२५ मध्ये निवडली गेली, त्यांत ड्यूटेट्राबेनाझीनचाही समावेश करावा लागला. सारांश, श्रीमंत देशांतील कुटुंबेही या ओझ्याखाली वाकतात. पण आपल्याकडे जुने टेट्राबेनाझीन भारतीय कंपन्या तयार करतात, आणि लेव्होडोपा-कार्बिडोपा, ट्रायहेक्सीफेनिडिल, प्रोप्रॅनोलॉल ही तर दीर्घकाळ प्रचारात असलेली औषधे आहेत. नवे ते चांगलेच असे नसते. जुन्या औषधाने काम भागेल काय, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अर्थात जुन्यालाही मर्यादा आहेत. ट्रायहेक्सीफेनिडिलने वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि लघवी अडते, म्हणून स्वस्त एवढ्यावरच ते मागू नये.

गोळीच्या पाकिटावर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे औषधी द्रव्याचे. कंपनीचे नाव ठळक असते, पण लक्षात ठेवावयाचे ते दुसरे. तेच द्रव्य, त्याच मात्रेत, निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळ्या किमतीस मिळते. हिशोबासाठी एक गोळी चार रुपयांची धरू. दिवसाला पाच गोळ्या म्हणजे वीस रुपये, महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये. तेच द्रव्य निम्म्या किमतीस मिळाले तर वर्षाला ३,६५० रुपये वाचतात. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांतून औषधे द्रव्याच्या नावाने अल्प किमतीत मिळतात. आपले औषध तेथे आहे किंवा नाही हे चिठ्ठी दाखवून विचारावे. कंपनी बदलण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे, आणि एकदा बदलल्यावर वारंवार बदलू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, आणि पुण्यास ससून रुग्णालय आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांना मिळतो. रोजच्या गोळ्यांचा भार कुटुंबावरच राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, म्हणून अपंगत्व पुरेसे असल्यास प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

एवढे करूनही एक अडचण उरते, आणि ती आपल्या भागाची खास आहे. औषध महिन्याला लागते; उसाचे बिल महिन्याला येत नाही. पहिली उचल मिळाली की तीन महिन्यांची औषधे येतात, आणि पुढचा हप्ता लांबला की डबा रिकामा राहतो. आमच्या माहितीतील एका घरी असेच घडले. आईचा कंपवात लेव्होडोपाने चांगला आटोक्यात होता. गोळ्या संपल्या, मुलाने विचार केला, आठ दिवसांनी आणू, तेवढ्याने काय होते? चौथ्या दिवशी त्या माउलीचे अंग लाकडासारखे ताठ झाले, ताप चढला, शुद्ध हरपू लागली. लेव्होडोपा एकदम थांबल्यास असे होऊ शकते आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. त्या वाचल्या, पण रुग्णालयात जो खर्च झाला त्यात दीड-दोन वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. त्या मुलाला आम्ही बेजबाबदार म्हणणार नाही. एकदम थांबवू नये, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि आठ दिवसांसाठी पाचशे रुपये कोणाकडे मागावेत, हे त्याला सुचले नाही. मुलीच्या लग्नासाठी उसने मागता येतात. आईच्या गोळ्यांसाठी मागावयाची लाज वाटते.

ज्ञातिसंस्थेचा संबंध येतो तो येथे. कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. शिक्षणनिधीप्रमाणेच एक लहानसा औषधनिधी उभारावा. त्यातून देणगी देण्याची आवश्यकता नाही. उसाचे बिल येईपर्यंत बिनव्याजी उसनवार द्यावी, म्हणजे घेणाऱ्याचा मान राहील. ज्या घरी असे औषध रोज लागते तेथे निदान एक महिन्याची शिलकी औषधे असावीत, हा निधीचा नियम असावा. दर महिन्याला एकाने गावातील सर्वांच्या चिठ्ठ्या घेऊन बारामतीस जावे, म्हणजे प्रत्येकाचा एसटीचा खर्च आणि मोडणारा दिवस वाचेल. चिठ्ठीतील मजकूर तिसऱ्या कानी जाऊ नये, ही त्या माणसाची प्रतिज्ञा असावी. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा आणि कुटुंबीयांचा गट आहे. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. त्यांच्यापैकी कोणास पुढील मेळाव्यास पाचारण केल्यास आमच्यापेक्षा अधिक अधिकारवाणीने मार्गदर्शन होईल.

शेवटी पुन्हा त्या गृहस्थांविषयी. हात स्थिर झाला, तरी ते आजही आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्या दिवशी गप्प राहिल्याबद्दल क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, हात बरा झाला, पण पंगतीत बसायचे म्हटले की अजून कापतो." हा जो उरलेला कंप आहे, त्याला औषध बारामतीस मिळत नाही आणि पुण्यासही मिळत नाही. ते आपल्यापाशी आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. पुढील वर्षी मेळावा भरेल त्या दिवशी सकाळी कार्यकारी मंडळाच्या दोघा-तिघांनी त्यांच्या घरी जावे, त्यांना सन्मानाने घेऊन यावे, आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. आमटी सांडलीच तर पुन्हा वाढावी. यापेक्षा अधिक काही करावे लागणार नाही.